सरकारी वकील कोणाचा?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे, असा रिवाज आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढे जे काही शिकलो ते हमालांच्या अड्ड्यावर, युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि कोर्टाच्या व्हरांड्यात. या चार शाळांपैकी चौथ्या शाळेविषयी आज चार शब्द बोलावेत असे आम्ही योजले आहे. धारिष्ट वाटेल, पण अशी पहिली व्याख्यानमाला १८७५ साली पुण्यात ज्यांच्या पुढाकाराने सुरू झाली, ते महादेव गोविंद रानडे त्या काळी न्यायखात्यात नोकरी करीत होते, हे आम्ही विसरत नाही. न्यायाचे काम कोर्टाच्या चार भिंतींत संपत नाही, लोकांना शहाणे करणे हाही त्या कामाचाच एक भाग आहे, हे त्या पुरुषाने ओळखले होते. आमचा विषय तोच आहे.

कोर्टात सरकारी वकील नावाची एक व्यक्ती असते, हे आपण सर्व जाणतो. परंतु ती कोणाची, असे विचारले तर काय उत्तर येते? आम्ही अनेकांना विचारून पाहिले. कोणी म्हणाले, पोलिसांची. कोणी म्हणाले, कलेक्टरची. एक म्हातारी म्हणाली, “नावातच सरकार आहे, मग आपली कशी असंल?” या म्हातारीच्या उत्तरात दीडशे वर्षांचा इतिहास भरला आहे. तो उलगडल्याशिवाय तिची समजूत घालता येणार नाही.

प्रारंभ आपल्या गावापासूनच करू. मंगळवेढा ही संतांची भूमी, असे आपण अभिमानाने सांगतो. पण श्रोतेहो, आपल्या दोन मोठ्या संतकथा एका दृष्टीने कायद्याच्या कथा आहेत, इकडे आपले लक्ष जात नाही. दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे लोकांना खुली केली. बिदरच्या बादशहाच्या लेखी तो गुन्हा होता. त्यांना पकडून नेण्याचा हुकूम सुटला. गुन्हा झाला हे खरे, पण तो कोणत्या परिस्थितीत झाला, त्याबद्दल माणसाला शिक्षा करण्यात प्रजेचे हित आहे की अहित, हे विचारणारे त्या दरबारात कोणी नव्हते. म्हणून कथेत विठोबाला विठू महार होऊन रक्कम भरावी लागली आणि पावती आणावी लागली.

दुसरी कथा चोखोबांची. परंपरा सांगते की इ.स. १३३८ च्या सुमारास मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळले आणि त्याखाली चोखामेळा व त्यांच्यासह राबणारी माणसे गाडली गेली. नामदेवांनी अस्थी शोधून पंढरपुरास नेल्या आणि महाद्वारी समाधी बांधली. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आम्हाला या कथेत भक्तीबरोबर आणखी एक गोष्ट दिसते. ती म्हणजे कामावर झालेला अपघात. भिंत कच्ची का होती, काम कोणी लावले, खाली माणसे असताना धोका कोणाला दिसत होता, याचा पंचनामा झाला नाही. मेलेल्यांच्या वतीने कोणी उभे राहिले नाही. नामदेव आले ते अस्थी गोळा करायला. जाब विचारायला येणारे पद त्या काळी जन्माला आलेच नव्हते.

असे का होते? कारण जुन्या न्यायपद्धतीत बहुतेक भांडण हे दोन पक्षांचे असे. मराठेशाहीत गोतसभेपुढे अग्रवादी आणि पश्चिमवादी उभे राहत. तक्रार करणारा आला तर निवाडा, न आला तर नाही. जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी सरकारजमा होई. गोताच्या साक्षीने निवाडा होण्यात मोठा गुण होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्याच्या मागे गोत नाही, त्याचे काय? आणि आरोपी स्वतःच सत्ताधारी असला तर काय? १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि राघोबादादांकडे बोट दाखवले. आपण रामशास्त्र्यांची गोष्ट बाणेदारपणासाठी सांगतो आणि ते योग्यच आहे. पण हेही पाहा की चौकशी त्यांनीच केली, आरोप त्यांनीच ठेवला आणि निर्णयही त्यांनीच दिला. तिन्ही कामे एका माणसाच्या निःस्पृहपणावर टेकली होती. तो माणूस पुणे सोडून गेला आणि न्यायही त्याच्याबरोबर गेला.

गुन्हा हा केवळ एका माणसाविरुद्ध नसून साऱ्या समाजाविरुद्ध असतो, म्हणून समाजाच्या खर्चाने, समाजाच्या वतीने कोणी तरी खटला चालवला पाहिजे, ही कल्पना युरोपात हळूहळू वाढली. फ्रान्समध्ये चौदाव्या शतकाच्या प्रारंभी राजाचे वकील दिसू लागतात. इंग्लंडात मात्र दीर्घकाळ ज्याचे नुकसान झाले त्यानेच खटला भरावा अशी रीत होती. सरकारी अभियोगाचा स्वतंत्र संचालक नेमण्याचा कायदा तेथे १८७९ साली झाला. हे साल लक्षात ठेवा, कारण त्याच वर्षी आपल्या दख्खनमध्ये एक वेगळाच प्रयोग सुरू झाला.

१८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, तो दंगा आपल्याला ठाऊक आहे. कोर्टाचा हुकूमनामा आणि पोटाची भूक यांत किती अंतर पडले आहे, ते सरकारला त्या जाळाच्या उजेडात दिसले. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि तो पुणे, सातारा, अहमदनगर व सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. गावोगाव सलोखा करणारे आणि गावमुन्सफ नेमले गेले. या कामावर देखरेख ठेवण्यासाठी रानडे पुढे काही वर्षे जिल्ह्याजिल्ह्यांत हिंडले. कोर्टाने गावात जायचे, ही गोष्ट म्हणजे आजकालच्या शिबिरवाल्यांनी काढलेली टूम नव्हे; तिचा पाया आपल्याच मुलखात घातला गेला आहे. मंगळवेढा मात्र त्या वेळी पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होता. सोलापूर जिल्ह्याला जे लागू झाले ते आपल्याला आपोआप लागू झाले नाही. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि आपण सर्वसामान्य कायद्याच्या छत्राखाली आलो.

तथापि, हा प्रयोग दिवाणी कर्जापुरता होता. फौजदारी बाजूला काय चित्र होते? १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सांगितले की सत्र न्यायालयातला खटला सरकारी वकिलानेच चालवायचा. खाली मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात मात्र हे काम बहुधा पोलीस खात्यातील अधिकारीच करीत. त्यांना पोलीस प्रॉसिक्यूटर म्हणत. ज्या खात्याने माणूस धरायचा, त्याच खात्याच्या माणसाने कोर्टाला पटवून द्यायचे की धरला तो बरोबर धरला! गरिबाचा कोर्टाशी संबंध येतो तो याच खालच्या कोर्टात. म्हणून गरिबाच्या मनात सरकारी वकील आणि फौजदार एकाच गणवेशात उभे राहिले, यात त्याचा दोष नाही.

वरच्या कोर्टात तर सरकारी वकील म्हणजे राज्यकर्त्याची तलवार होती. १९०८ साली मुंबईत लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारच्या बाजूने ॲडव्होकेट जनरल ब्रॅन्सन उभे होते. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. हिंदी कामगारांचा हा पहिला मोठा राजकीय संप. तो पगारासाठी नव्हता, बोनससाठी नव्हता; एका खटल्याच्या निकालाविरुद्ध होता! ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते त्या कामगारांना एवढे नेमके कळले होते की कोर्टात ‘जनतेच्या वतीने’ जो बोलत होता, तो जनतेचा नव्हता.

सोलापूरचे १९३० साल तर आपल्या अंगणातले. ८ मे रोजी गोळीबार झाला, जमाव खवळला, दोन पोलीस मारले गेले आणि कोर्टाची इमारत पेटवली गेली. १२ मे ते ३० जून मार्शल लॉ होता. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांवर खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास त्यांना फाशी झाली. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवीत आणि गिरणी कामगारांत काम करीत; म्हणजे आमच्याच पंथाचे. सोलापुरात त्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून जाताना आम्हाला नेहमी वाटते की त्या दिवशी लोकांनी पोलीस ठाण्याबरोबर कोर्ट का जाळले असेल? आम्ही जाळपोळीचे समर्थन करीत नाही. पण ज्या कोर्टात आपल्या बाजूने बोलणारे कोणी नाही, ते कोर्ट लोकांना आपले वाटत नाही, हा त्यातला धडा विसरण्याजोगा नाही.

स्वराज्य आले, राज्यघटना आली. मग सरकारी वकील लोकांचा झाला काय? कागदावर हळूहळू, व्यवहारात त्याहून हळू. १९५८ साली सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने स्पष्ट सांगितले की खटला चालवणारी यंत्रणा पोलिसांपासून वेगळी हवी. १९७३ ची नवी संहिता १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली आणि तिने मॅजिस्ट्रेट कोर्टासाठी सहायक सरकारी अभियोक्ता हे पद निर्माण केले. पोलीस अधिकाऱ्याला या पदावर नेमता येणार नाही, असा दंडकही घातला. महाराष्ट्राने काय केले? जुन्या पोलीस प्रॉसिक्यूटरांना नवे नाव दिले आणि ताबा पोलीस खात्याचाच ठेवला! पाटी बदलली, खोली तीच. अखेर यांतल्याच काही अभियोक्त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात १९९५ साली न्यायालयाने सांगितले की अभियोक्त्यांना पोलिसांच्या हाताखालून काढा आणि त्यांचे वेगळे खाते करा.

श्रोतेहो, येथे आम्ही क्षणभर थांबतो. नोकरदारांनी आपल्या नोकरीच्या अटींसाठी केलेला हा दावा. आमच्या भाषेत सांगायचे तर कामगारांचीच मागणी! आणि त्यातून साऱ्या महाराष्ट्राच्या फौजदारी न्यायाला एक स्वतंत्र कणा मिळाला. आपल्या कामाची इभ्रत राखण्यासाठी माणूस भांडतो तेव्हा त्याचा फायदा त्याच्या एकट्यापुरता राहत नाही, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

सरकारी वकील स्वतंत्र म्हणजे काय, हे आणखी एका प्रकरणाने शिकवले. रेल्वे संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस यांच्यावर आणीबाणीत बडोदा डायनामाइट खटला भरला गेला. १९७७ साली सरकार बदलले आणि तो मागे घेण्यात आला. हे योग्य की अयोग्य, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८० मध्ये न्यायालयाने खटला मागे घेणे मान्य केले. पण त्याचबरोबर तत्त्व सांगितले की हा निर्णय सरकारी वकिलाने स्वतःच्या बुद्धीने घ्यायचा असतो. सरकार सल्ला देऊ शकते, हुकूम नव्हे. पुढे १९९९ साली त्याच न्यायालयाने बजावले की काहीही करून आरोपीला शिक्षा झालीच पाहिजे, असा ध्यास सरकारी वकिलाने धरता कामा नये. आरोपीच्या बाजूचे काही सत्य हाती असेल तर तेही न्यायालयापुढे आले पाहिजे, ही त्याची जबाबदारी. म्हणजे तो फिर्यादीचा भाडोत्री नव्हे, पोलिसांचा मुखत्यार नव्हे आणि मंत्र्यांचा दूतही नव्हे. दामाजीपंतांच्या दरबारात जो प्रश्न विचारायला कोणी नव्हते, तो प्रश्न विचारण्याचा अधिकार आणि कर्तव्य आज या पदाला आहे.

इतके झाल्यावर आमच्या म्हातारीचे समाधान व्हायला हरकत नव्हती. पण ते होत नाही. का होत नाही, ते सांगण्यासाठी आम्हाला आमच्या अनुभवाच्या दोन गोष्टी सांगाव्या लागतील.

आम्ही स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिलेलो आहोत. बेकायदा जमाव, रस्ता अडवणे, ही कलमे आंदोलन करणाऱ्याच्या कपाळी लिहिलेलीच असतात. पाण्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलन करणाऱ्या आपल्या दक्षिण भागातल्या गावकऱ्यांना हे सांगायला नको. त्यामुळे पहिली कित्येक वर्षे सरकारी वकील म्हणजे समोरच्या बाकावरचा माणूस, एवढीच आमची ओळख. त्याच्याशी बोलायचे असते, ही कल्पनाच नव्हती.

मग एका गावात विहिरीचे काम चालू असता कडा ढासळली आणि आमच्या ओळखीचा एक मजूर गेला. चोखोबांच्या मरणाला साडेसहाशे वर्षे होऊन गेली होती, पण मातीने माणूस गाडण्याची रीत बदलली नव्हती. फरक एवढाच की या वेळी पंचनामा झाला, निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा नोंदला गेला आणि खटला मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहिला. पण तो उभा राहायला काही वर्षे गेली. साक्षीदार म्हणजे बरोबरीचे मजूर. त्यांतले दोघे ऊसतोडीला गेलेले. एकाने मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि मुकादम आरोपीच्या नात्यातला. समन्स आले, तारीख पडली, पुन्हा पडली. विधवा बाई प्रत्येक तारखेला मजुरी बुडवून येई आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून बसे. आपला खटला कोण चालवतो, त्याचे तोंड कसे आहे, हे तिला शेवटपर्यंत समजले नाही. उचल घेतलेला साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला आणि “मला काही आठवत नाही” म्हणाला. आरोपी सुटला. लोक म्हणाले, साक्षीदार फितूर झाला. कायद्याच्या भाषेत ते खरे. पण त्याला कोणी विचारले होते काय की तुझ्या डोक्यावर कर्ज किती आहे? त्याला येण्याजाण्याचा भत्ता मागता येतो, हे तरी कोणी सांगितले होते काय? आणि आम्ही, जे स्वतःला संघटक म्हणवतो, त्या आम्हालाही त्या वेळी ठाऊक नव्हते की फौजदारी खटल्याचा निकाल काहीही लागो, १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखाली त्या बाईचा वेगळा दावा होता. आम्ही फौजदारी निकालाची वाट पाहत बसलो. हा दोष आम्ही दुसऱ्या कोणावर ढकलत नाही.

दुसरी गोष्ट काही वर्षांनंतरची, दुसऱ्या तालुक्यातील. तशाच प्रकारचा खटला, तशीच एक बाई. पण तेथल्या सहायक अभियोक्त्या तरुण होत्या. त्यांनी साक्षीच्या आधी बाईंना आणि साक्षीदारांना आपल्या खोलीत बोलावले. रिकामे कोर्ट दाखवले. “इथे तुम्ही उभे राहायचे. तिथे साहेब बसतील. आधी मी विचारीन, त्याला सरतपासणी म्हणतात. मग त्यांचे वकील विचारतील, ती उलटतपासणी. ते आवाज चढवतील, घाबरू नका. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा.” एका साक्षीदाराने विचारले, “बाईसाहेब, मी काय सांगू?” त्यावर त्या म्हणाल्या, “काय सांगायचे ते मी शिकवणार नाही. तो अधिकार मला नाही. कुठे उभे राहायचे, एवढेच सांगते.” हे वाक्य आम्ही आमच्या वहीत लिहून ठेवले आहे. त्या खटल्यातही पुरावा तोकडा पडला आणि शिक्षा झाली नाही. पण बाहेर आल्यावर बाई आम्हाला म्हणाली, “भाऊ, निदान कोणीतरी माझ्या माणसाचं नाव मोठ्यानं घेतलं.” खटला दोन्हीकडे हरला. न्याय मात्र दोन्हीकडे सारखा हरला, असे आम्ही म्हणणार नाही.

आमचे सारे म्हणणे या दोन गोष्टींमधल्या फरकात आहे. सरकारी वकील लोकांपर्यंत जातो, त्यांना समजावून सांगतो, त्यांचे ऐकून घेतो, हे काम आज फावल्या वेळचे पुण्यकर्म समजले जाते. ते तसे नाही. फौजदारी खटला साक्षीवर उभा असतो आणि साक्ष विश्वासावर. ज्या साक्षीदाराला आपला वकील कोण हेच ठाऊक नाही, तो मुकादमापुढे टिकेल कसा?

या कामाची साधने नाहीत असे नाही. मोफत कायदेमदतीची सविस्तर योजना मुंबई इलाख्यात न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या समितीने १९४९ सालीच मांडली होती. पैशाच्या सबबीवर ती कागदावर राहिली. १९७६ मध्ये घटनेत कलम ३९-अ आले. १९७८ साली होस्कोट प्रकरणात, तेही महाराष्ट्राचेच, सर्वोच्च न्यायालयाने कैद्याचा मोफत वकिलाचा हक्क सांगितला. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला आणि तालुक्यातालुक्यांत विधी सेवा समित्या झाल्या. त्यांच्या कायदेविषयक शिबिरांत न्यायाधीश, वकील आणि अभियोक्ते गावात, शाळेत, बाजारात येऊन बोलतात. २००९ च्या दुरुस्तीने पीडित व्यक्तीची व्याख्या कायद्यात आली, तिला भरपाई देण्याच्या योजनेची तरतूद झाली आणि आपला वकील सरकारी वकिलाच्या मदतीला देण्याची मुभा मिळाली. अत्याचारग्रस्त स्त्रिया व मुलांसाठी २०१३ साली राज्याने मनोधैर्य योजना काढली. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली देशभर लागू केली. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली; तिच्याप्रमाणे जिल्ह्याच्या पातळीवरही अभियोग संचालनालय ठेवण्याची तरतूद आहे, तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची आहे आणि पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय न्यायालयाला खटला मागे घेऊ देता येत नाही.

पाहा, केवढी शिदोरी! पण कोठार भरलेले असणे आणि ते उघडलेले असणे यांतला फरक मंगळवेढेकरांना दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही.

आणखी एक सावधगिरीची सूचना. लोकांत जाणे म्हणजे केवळ लोकांना उपदेश करणे नव्हे. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी धरले, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सोडले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेशिक्षकांनी न्यायालयाला उघड पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदाच बदलला. त्या वेळी कायद्याने लोकांना शिकवले नाही, लोकांनी कायद्याला शिकवले. म्हणून शिबिरात केवळ व्यासपीठावरून खाली बोलणे पुरे नाही. खालून वर प्रश्न आले पाहिजेत. अमेरिकेत सरकारी वकील बहुतेक ठिकाणी निवडणुकीने येतो. तेथील पोर्टलंड शहरात १९९० साली एक अभियोक्ता कोर्टातून उठवून वस्तीत बसवला गेला. वस्तीतल्या लोकांना मोठमोठ्या खटल्यांपेक्षा रोजचा उपद्रव अधिक छळतो, हे त्याला तेथे बसल्यावर कळले. कोर्टात बसून ते कळले नसते. निवडणुकीची पद्धत आपल्याला नको. मते मिळवण्यासाठी माणसे तुरुंगात धाडण्याचा मोह तिच्यात आहे. पण वस्तीत बसण्याची पद्धत घेण्यासारखी आहे.

मुंबईच्या १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा किंवा कसाबचा खटला चालतो तेव्हा सरकारी वकिलांचे नाव घरोघर पोचते. उज्ज्वल निकम हे नाव ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. पण आपल्या तालुक्याच्या कोर्टात रोज मारामारी, चोरी, नवऱ्याचा छळ, कामावरचा मृत्यू, असे खटले जो चालवतो त्या अभियोक्त्याला गावात कोणी ओळखत नाही. त्याच्यापुढे फायलींचा ढीग असतो. त्याच्या खोलीबाहेर साक्षीदाराला बसायला बाकडे असेल तर नशीब. त्याच्या कामाचा भार हलका केल्याशिवाय त्याने शिबिरेही घ्यावीत असे म्हणणे, म्हणजे हमालाला दुप्पट ओझे देऊन वर गाणे म्हण, असे सांगण्यासारखे आहे. आम्ही कामगार चळवळीतले असल्याने हे आमच्या ध्यानात लवकर येते.

तेव्हा आमच्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, जेव्हा खेड्यातला माणूस तसाही गावात येतो, तेव्हा अभियोक्त्याच्या कचेरीतून तासभर कोणीतरी साक्षीदारांना आणि फिर्यादींना भेटण्यासाठी बसावे. चालू खटल्याच्या गुणदोषांविषयी बोलू नये. तारीख, भत्ता, संरक्षण, भरपाई आणि अर्ज कुठे करायचा, एवढे सांगावे. ही माहिती मोठ्या अक्षरांत, घरात बोलतो त्या मराठीत, कोर्टाच्या दाराशी लावावी. सावलीत साक्षीदारांसाठी बाकडी आणि पाण्याचा माठ असावा. ऊसतोडीला जाणाऱ्या साक्षीदाराची साक्ष हंगामापूर्वी घेता येईल का, हे न्यायालयाला वेळेवर विनवावे. आणि आमच्यासारख्या संघटनांनी, ग्रामपंचायतींनी, बचत गटांनी साक्षीदाराला कोर्टाच्या दारापर्यंत सोबत करावी. दारापर्यंतच, आत काय बोलायचे ते त्याचे त्याने ठरवावे. हे शेवटचे काम करण्यास आमची युनियन आजपासून बांधली आहे, असे या सभेत आम्ही जाहीर करतो.

म्हातारीचा प्रश्न राहिला. नावातच सरकार आहे, मग आपला कसा? आजी, ज्या काळात सरकार दुसऱ्याचे होते त्या काळात तो दुसऱ्याचा होता. आज सरकार आपले आहे असे आपण म्हणतो, तर तो आपलाच आहे. पण जे आपले आहे ते विचारत गेल्याशिवाय हाती येत नाही. पुढच्या तारखेला व्हरांड्यात भिंतीला टेकून बसू नका. खोलीचे दार वाजवा आणि आत बसलेल्याला विचारा, “माझ्या माणसाचा खटला तुम्हीच चालवता ना?”

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.